न फोडता आत पाहणे
(निघोजे येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे बोनस, महागाई नाहीतर कंत्राटी पद्धत यांपैकीच काहीतरी ऐकावे लागणार, असे मनाशी धरून पुष्कळ मंडळी येथे आली असतील. ते विषय मोठेच आहेत आणि ते कोठे पळूनही जात नाहीत. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते चुंबकाविषयी, दगडाविषयी आणि आपल्या शरीरातील प्रथिनांविषयी. ज्या विद्येने या दोहोंचे अंतरंग कळते तिला शास्त्रज्ञ ‘अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन’ असे म्हणतात. नाव लांबलचक आहे. म्हणून प्रयोगशाळेतील लोकही ‘एन. एम. आर.’ एवढेच म्हणतात, आणि आपणही तेच म्हणू.

हा विषय कामगाराचा कसा, असे कोणी विचारील. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा घातली, तिचा हेतू इतकाच की ज्ञान चार विद्वानांच्या कपाटात राहू नये. हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. ज्या चुंबकाने ही विद्या चालते तोच चुंबक आज गावोगावच्या रुग्णालयांत ‘एम. आर. आय.’ या नावाने येऊन बसला आहे, आणि लोखंडाशी आयुष्य घालवलेल्या माणसाने त्याच्याजवळ जाताना काही गोष्टी जाणून घेतल्याच पाहिजेत. त्याकडे आम्ही शेवटी येऊ. आधी विद्या समजून घेऊ. कारण कारण समजले नाही तर सूचना ध्यानात राहत नाही.

आठवडे बाजारात मडके घेताना आपल्या आयाबहिणी काय करतात? टिचकी मारतात. खणखणीत वाजले तर मडके पक्के, बद्द वाजले तर कोठेतरी चीर आहे. मडके फोडावे लागत नाही. कारखान्यातला जुना फिटर बेअरिंग खोलण्यापूर्वी लोखंडी सळईचे एक टोक त्यावर टेकवतो, दुसरे कानाशी धरतो आणि आतली गोळी झिजली की नाही ते सांगतो. एन. एम. आर. ही अशीच टिचकी आहे. ती अणूच्या गाभ्याला मारायची आणि तो काय बोलतो ते ऐकायचे.

आता अणूचा गाभा म्हणजे केंद्रक बोलतो कसा? पुष्कळ अणूंची केंद्रके स्वतःभोवती फिरणाऱ्या इवल्याशा चुंबकासारखी वागतात. पाण्यातील हायड्रोजनचे केंद्रक तसे आहे. भोवरा फिरताना थोडा कलला की त्याचा आस जसा गोल गोल डोलू लागतो, तसे हे केंद्रक बलवान चुंबकाच्या क्षेत्रात डोलते. त्या डोलण्याची गती ठरलेली असते. एक टेस्ला सामर्थ्याच्या चुंबकात हायड्रोजनचे केंद्रक सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा डोलते. चुंबक दुप्पट बलवान केला की गतीही दुप्पट होते. झोपाळ्याला त्याच्या झोक्याच्या ठेक्यावर हलका धक्का देत गेले तर लहान मूलही मोठ्या माणसाला उंच झुलवू शकते. ठेका चुकला तर पैलवानाचाही जोर वाया जातो. त्याचप्रमाणे केंद्रकाच्या ठेक्याशी नेमक्या जुळणाऱ्या रेडिओलहरी सोडल्या तरच ते दाद देते. यालाच अनुस्पंदन म्हणावयाचे. या लहरी आपण आकाशवाणी ऐकतो त्याच जातीच्या असतात. ‘अणुकेंद्रीय’ हा शब्द ऐकून कोणी अणुबाँब किंवा किरणोत्सर्ग मनात आणू नये. त्याचा येथे काही संबंध नाही.

१९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी आपापल्या प्रयोगशाळांत, स्वतंत्रपणे, द्रवात आणि घनात हे अनुस्पंदन टिपले. १९५२ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत हा पदार्थविज्ञानातला प्रश्न होता. तो रसायनाच्या आणि मग जीवनाच्या प्रांतात शिरला तो एका सूक्ष्म गोष्टीमुळे, आणि त्या गोष्टीत आपल्याकडच्या एका माणसाचा हात आहे.

केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉनांचे आवरण असते. ते बाहेरच्या चुंबकाचा जोर किंचित अडवते. मांडवाखाली उन्हाची धग जशी थोडी कमी लागते तसे. मांडव दाट असेल तर धग अधिक कमी, विरळ असेल तर थोडीशीच कमी. म्हणून एकाच रेणूतील हायड्रोजनचे अणू, ते कोणाच्या शेजारी बसले आहेत त्याप्रमाणे, अगदी किंचित निराळ्या ठेक्यावर डोलतात. १९५१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या मद्यार्कावर हा प्रयोग केला. मद्यार्काच्या रेणूत हायड्रोजनचे ६ अणू असतात: तीन एका कार्बनवर, दोन दुसऱ्या कार्बनवर आणि एक ऑक्सिजनवर. कागदावर तीन निरनिराळे उंचवटे उमटले आणि त्यांची क्षेत्रफळे तीनास दोनास एक या प्रमाणात भरली. रेणूने आपली हजेरी स्वतःच दिली म्हणा ना! यांपैकी एस. एस. धर्मट्टी हे पुढे मुंबईस आले आणि होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येचा विभाग उभा केला. जगात हा विषय पाळण्यात होता तेव्हाच तो मुंबईच्या किनाऱ्याला लागला होता, हे आपण विसरू नये.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. चुंबकात ठेवलेल्या केंद्रकांपैकी काही चुंबकाच्या बाजूने उभी राहतात, काही विरुद्ध बाजूने, आणि संदेश मिळतो तो फक्त दोन्ही बाजूंतील फरकाचा. खोलीच्या तापमानाला, ११.७ टेस्लाच्या बलवान चुंबकातसुद्धा, १,००,००० हायड्रोजन केंद्रकांमागे हा फरक अवघा चारच्या आसपास असतो. एक लाख मतदारांच्या निवडणुकीत चार मतांचे बहुमत! संघटनेच्या निवडणुका लढवलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. चुंबक जितका मोठा तितके बहुमत मोठे. म्हणून शास्त्रज्ञ अधिकाधिक बलवान चुंबकामागे लागतात. ११.७ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीन लाख पट. असा चुंबक साध्या तांब्याच्या गुंडाळीने करू गेले तर गुंडाळी तापून निघेल. म्हणून नायोबियमच्या मिश्रधातूच्या तारा उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवतात. त्या थंडीत तारेचा विद्युत्‌-रोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह बाहेरच्या विजेवाचून वर्षानुवर्षे फिरत राहतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचे काम पुढे पडणार आहे.

दुसरी सुधारणा रिचर्ड अर्न्स्ट यांची. पूर्वी एकेक सूर शोधत बसावे लागे. १९६६ साली अर्न्स्ट आणि त्यांचे सहकारी वेस्टन अँडरसन यांनी दाखवले की रेडिओलहरींचा एक अल्पसा ठोका देऊन सगळी केंद्रके एकदम वाजवावीत, आणि त्या गलक्यातून एकेक सूर गणिताने वेगळा काढावा. असे ठोके हजारो वेळा देऊन उत्तरांची बेरीज केली की क्षीण संदेशही स्पष्ट होतो. अर्न्स्ट यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दगडाकडे वळू. आपला सगळा मुलूख काळ्या पाषाणावर वसला आहे. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर त्या काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, गुलाबी, कधी हिरवट, चकाकणारे खडे सापडतात. आपण सरसकट त्यांना गारगोटी म्हणतो. त्यांत पुष्कळ वेळा असतात ती झिओलाइट जातीची खनिजे: स्टिलबाइट, ह्यूलंडाइट, चॅबाझाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत निघालेला निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसला आहे.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांनी बांधलेली जाळीदार इमारत. तिच्या खोल्या आणि दारे इतकी बारीक की एखादा रेणू आत शिरावा आणि त्याहून थोडा थोर बाहेरच अडावा. रेणूंची चाळण म्हणा. अशा चाळण्या आज कारखान्यांत कृत्रिम रीतीने बनवतात. खनिज तेलापासून पेट्रोल काढताना त्या लागतात, कपडे धुण्याच्या पावडरीत त्या असतात. आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमांनंतर पुष्कळ डिझेल गाड्यांच्या धुरातील नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मारण्यासाठी जो उत्प्रेरक बसवतात, त्याचा एक प्रमुख प्रकार म्हणजे तांबे घातलेली झिओलाइटची जाळी. ही जाळी त्याच चॅबाझाइटच्या नमुन्याची असते. आपल्या विहिरीतील गारगोटीची भावंडे या रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्यांच्या पोटात आहेत!

या जाळीत कोणता अणू कोठे बसला आहे हे कसे कळावे? येथे घन पदार्थाची अडचण आड येते. द्रवात रेणू गरागरा फिरत असल्यामुळे सूर रेखीव येतात. घनात अणू जागच्या जागी खिळलेले; प्रत्येक कण निराळ्या दिशेला तोंड करून बसलेला, त्यामुळे सुरांचा नुसता गोंगाट होतो. १९५८-५९ च्या सुमारास वेल्समध्ये अँड्र्यू यांनी आणि अमेरिकेत लो यांनी त्यावर तोड काढली. भुकटी एका लहानशा नळकांड्यात दाबून भरायची, ते नळकांडे चुंबकाच्या दिशेशी ५४.७ अंशांचा कोन करून तिरपे धरायचे आणि हवेच्या झोतावर भिरभिरवायचे. त्या एकाच कोनात गणित असे काही जुळते की गोंगाट आपोआप ओसरतो. शास्त्रज्ञांनी त्याला ‘जादूचा कोन’ असेच नाव दिले आहे. आजच्या यंत्रांत अशी नळकांडी सेकंदाला दहा हजार फेऱ्या सहज घेतात. लहानातली लहान एक लाखाच्या पुढे जातात. लेथवर काम केलेल्यांनी नुसती कल्पना करावी की एवढ्या वेगाला नळकांड्याचा गोलावा आणि समतोल किती नेमका लागत असेल. ते घडवणारे हात कामगाराचेच असतात.

एस्टोनियातील एंडेल लिपमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास या रीतीने सिलिकेटांचा अभ्यास करून दाखवले की झिओलाइटमधील प्रत्येक सिलिकॉनच्या चार शेजाऱ्यांपैकी ॲल्युमिनियम किती, हे त्याच्या सुरावरून ओळखता येते. शेजारी शून्य ते चार, म्हणून सूर पाच. ॲल्युमिनियमही बोलतो: जाळीत चार ऑक्सिजनांच्या मध्ये बसला असेल तर त्याचा सूर एक, जाळीतून निखळून सहा ऑक्सिजनांच्या घोळक्यात गेला असेल तर दुसरा. पाण्याची वाफ आणि उष्णता यांच्या माऱ्याने उत्प्रेरक बिघडतो तेव्हा नेमके हेच निखळणे घडते. उत्प्रेरक वरून जसाच्या तसा दिसतो, वजनही तेच असते. पण आतली वीट निसटली आहे हे चुंबक सांगतो. पुण्यात पाषाणला १९५० साली उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट आणि उत्प्रेरक यांच्यावर मोठे काम झाले आहे, आणि त्यात घन पदार्थांच्या एन. एम. आर.ची ही रीत वापरली गेली आहे. निघोज्यापासून पाषाण ते किती लांब? चाकणच्या चौकात गाडी अडली नाही तर तासा-दीड तासाची वाट.

सिमेंटचे तेच. पाणी घातल्यावर सिमेंट वाळते असे आपण म्हणतो, पण ते वाळत नसते, ते घडत असते. सिलिकॉनचे सुटे अणुगट ऑक्सिजनच्या दुव्यांनी एकमेकांना जोडले जातात आणि साखळ्या बनतात. साखळी किती लांब झाली हे सिलिकॉनच्या सुरावरून मोजता येते. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटऱ्यांत लिथियम असते. चार्ज करताना ते कधी कधी धातूरूपाने साचून काट्यासारखे वाढते आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण करते. धातूतील लिथियमचा सूर संयुगातील लिथियमपेक्षा दूर सरकलेला असतो. धातूतील मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे असे होते आणि वॉल्टर नाइट या शास्त्रज्ञाने १९४९ साली ते प्रथम तांब्यात पाहिले. म्हणून बॅटरी न उघडता असा काटा उगवतो आहे की नाही ते पाहता येते. चाकणच्या पट्ट्यात अशा मोटारी बनू लागल्या आहेत; तेव्हा ही गोष्ट दूरची राहिलेली नाही.

आता प्रथिने. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. पण ती माळ नुसती लोंबकळत नाही, ठराविक रीतीने घडी घालून बसते. किल्लीच्या खाचांवर जसे कुलूप उघडणे अवलंबून, तसे त्या घडीवर प्रथिनाचे काम अवलंबून. ही घडी एन. एम. आर.ने कळते ती अशी. दोन हायड्रोजन अणू माळेत एकमेकांपासून दूर असले तरी घडी पडल्यावर जवळ आले, म्हणजे एका मिलिमीटरच्या वीस लाखाव्या भागाच्या आत आले, तर एकाला छेडले असता दुसऱ्याच्या आवाजात फरक पडतो. अशा जवळच्या जोड्यांची यादी करायची. मोजणीदार शेताचा नकाशा कसा काढतो? विहिरीपासून बांधाचा दगड इतका, दगडापासून निंब इतका, निंबापासून विहीर इतकी. अंतरे पुरेशी झाली की नकाशा आपोआप ठरतो. स्वित्झर्लंडमध्ये कुर्ट वुट्रिच यांनी ही रीत बसवली आणि १९८० नंतरच्या दशकात द्रावणातील प्रथिनांचे नकाशे निघू लागले. २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्ष-किरणांनी प्रथिने पाहण्याची विद्या याआधीची आहे आणि मोठ्या प्रथिनांसाठी तीच, अथवा अलीकडची अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची रीत अधिक उपयोगी पडते. पण क्ष-किरणांना स्फटिक लागतो, एन. एम. आर.ला प्रथिन पाण्यात, हालचाल करत असताना पाहता येते. एक हत्यार सगळ्या कामांना चालत नाही, हे कारागिराला ठाऊकच आहे.

मुंबईच्या टाटा संस्थेत १९८३ साली ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र घेऊन एन. एम. आर.ची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. गिरजेश गोविल यांचा त्यात पुढाकार होता. ‘राष्ट्रीय’ या शब्दाकडे लक्ष द्या. यंत्र एका संस्थेत असले तरी ते देशभरच्या संशोधकांसाठी होते. प्रत्येकाने आपापले महागडे यंत्र घेऊन दार लावून बसण्यापेक्षा एक उत्तम यंत्र सर्वांनी मिळून वापरावे, हे तत्त्व आम्हां संघटनेच्या लोकांना विशेष प्रिय वाटले तर नवल नाही.

या सुविधेतून आलेल्या कामांपैकी एकच सांगतो. अमीबाची आव ही गोष्ट आपल्या वस्त्यांना नवी नाही. गढूळ पाणी, दाटीने राहणारी माणसे, खाणावळीतले उघडे अन्न. पावसाळ्यात चाळीत एकाला झाली की दहा जण रजेवर, आणि रोजंदारीवाल्याला रजा म्हणजे उपास. ही आव ज्या जिवामुळे होते त्या एंटअमीबा हिस्टॉलिटिकामध्ये कॅल्शियम पकडणारे एक प्रथिन आहे. त्याच्या माळेत १३४ मणी. टाटा संस्थेतील चारी, गोविल आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील संशोधकांच्या साहाय्याने एन. एम. आर.ने त्या प्रथिनाची घडी उकलली आणि ती २००१ साली प्रसिद्ध केली. आकार कळला म्हणजे औषध मिळाले असे नव्हे. मध्ये लांब पल्ला असतो. पण कुलूप पाहिल्याशिवाय किल्ली घडवता येत नाही. आणि गरिबाच्या रोगाचे कुलूप पाहण्यासाठी सार्वजनिक पैशाचे यंत्र लागले, हेही ध्यानात ठेवा.

आता आम्ही सुरुवातीला राखून ठेवलेल्या गोष्टीकडे येतो. पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली दाखवले की चुंबकाचा जोर जागोजागी थोडा बदलता ठेवला तर सूर कोणत्या ठिकाणाहून आला तेही कळते. मग पाण्यातील हायड्रोजनच्या सुरांवरून शरीराच्या आतील चित्र काढता येते. तोच एम. आर. आय. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणी फार उपकारक आहे. क्ष-किरणांचा मारा नाही, कापाकापी नाही. पण रुग्णालयातील चुंबक बहुधा दीड किंवा तीन टेस्लाचा असतो, आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे तो द्रव हेलियमच्या थंडीत अखंड चालू असतो. दिवे विझले, खोलीला कुलूप लागले, रात्र झाली, तरी तो जागाच असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात रुग्णाचा एक नातेवाईक ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडरासकट त्याला ओढले आणि त्या तरुणाचा प्राण गेला.

हे बाहेरच्या लोखंडाचे झाले. आतल्या लोखंडाचे काय? ग्राइंडिंग करणारा, लेथवर चिपा काढणारा, वेल्डिंग आणि पत्राकाम करणारा. यांच्या डोळ्यांत पोलादाचा बारीक कण कधी शिरला आणि तेथेच मुरला, हे पुष्कळदा त्यांनाही ठाऊक नसते. दोन दिवस डोळा लाल झाला, बोळ्याने पुसला, थेंब घातले, विसरले. वर्षानुवर्षे तो कण निमूट असतो. मग एखाद दिवशी कंबर दुखते म्हणून एम. आर. आय. काढायला सांगतात, आणि त्या चुंबकात तो कण हलतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय वृत्तान्तात, पूर्वी पत्राकाम केलेल्या एका माणसाच्या डोळ्यात अशाच रीतीने तपासणीच्या वेळी रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. यावर उपाय अवघड नाही. आधी विचारायचे, आणि शंका असल्यास डोळ्यांचा साधा एक्स-रे काढून खात्री करून घ्यायची.

विचारणारा प्रश्न बहुधा छापील कागदावर असतो. संघटनेच्या कामाने रुग्णालयांच्या दारांत आमचे पुष्कळ तास गेले आहेत, आणि आम्ही असे कागद पाहिले आहेत. कित्येकदा ते इंग्रजीत असतात. कामगार बिहारचा, ओडिशाचा, मराठवाड्याचा; तो खाली सही करतो, कारण सही करा असे सांगितलेले असते. जगातील बुद्धिमान माणसांनी पाऊणशे वर्षे खपून केंद्रकाची भाषा समजून घेतली. आणि आपल्याला समोर बसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत एक प्रश्न विचारता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे.

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. ज्या ज्या रुग्णालयात हा चुंबक आहे तेथे तो कागद मराठीत आणि हिंदीत असावा, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवावा. त्यात ‘आपण कधी धातू घासण्याचे किंवा कापण्याचे काम केले आहे काय’ हा प्रश्न ठळक असावा. दुसरे, कारखान्यात डोळ्याला झालेल्या प्रत्येक इजेची, कितीही किरकोळ असो, नोंद व्हावी आणि तिची प्रत कामगाराच्या हाती पडावी. वीस वर्षांनी तोच कागद त्याचा डोळा वाचवील. कंत्राटी माणसाच्या बाबतीत तर हे दुप्पट जरुरीचे, कारण त्याचा मालक दर वर्षी बदलतो, डोळा मात्र तोच राहतो. तिसरे मागणे आपल्या शाळांकडे आणि आय. टी. आय.कडे आहे. पोरांची सहल किल्ल्यावर न्या, अवश्य न्या. पण एकदा पाषाणलाही परवानगी काढून न्या. द्रव हेलियम भरणारा, निर्वात पंप सांभाळणारा, नळकांडी घडवणारा, काच फुंकून नळ्या करणारा माणूस तेथे लागतो. ते काम आपल्या पोरांना परके नाही, हे त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावे.

येथे जमलेल्यांपैकी ज्यांनी ग्राइंडरवर काम केले असेल त्यांनी उद्या घरी बायकामुलांना हे सांगून ठेवावे. आपण बेशुद्ध असलो तर आपल्या वतीने उत्तर द्यायला तीच माणसे तेथे असतील. आणि आज रात्रपाळीला जाणाऱ्यांनी चष्मा खिशात न ठेवता डोळ्यांवर ठेवावा.